वही कोणाच्या हातात?



मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो, रात्री कविता लिहितो. तुम्ही कॉलेजातली पोरं यवतमाळ जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत आपला इतिहास किती शिकवतात, याचा तपास करणार आहात. म्हणून दोन शब्द.

माझ्या शाळेत बाबासाहेबांवरचा धडा आला. गुरुजी म्हणाले, घरी वाचा. घरी वाचणार कोण? आई अंगठा उठवणारी. धडा पुस्तकात असणं वेगळं, वर्गात असणं वेगळं, हे तेव्हा कळलं. म्हणून नुसती पानं मोजू नका. वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा.

हे काम नवं नाही. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'त छापून आला. तिच्याजवळ कुठली पदवी होती? १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत काळ्या, मेक्सिकन, आशियाई, आदिवासी पोरांनी जवळपास पाच महिने संप केला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. १९६९ला आपापल्या इतिहासाचा विभाग मिळवला. कुणी दान दिला नाही.

आता कडू बोलतो. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडावर जा. घरात कोलामी, शाळेत मराठी. पोर पहिलीत गप्प बसतं. त्याला मंद म्हणून मोकळं होणं सोपं. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, याची सोय राज्यानं करावी, असं संविधानाचं कलम ३५०-क १९५६ पासून सांगतंय. मग कोलामी फळ्यावर का नाही? गोंडी का नाही?

हा सवाल सरकारला आहे, तसा आपल्यालाही. आपण चार बुकं शिकलो. आता आपणच साहेब होऊन पोडावर जाणार, कोलामाला प्रश्न विचारणार, त्याची उत्तरं आपल्या नावावर छापणार? मग बामणानं आपलं केलं, त्यात आणि ह्यात फरक काय राहिला?

तपास करा. पण कोलामाच्या पोरीला सोबत घ्या. प्रश्न तिला ठरवू द्या. वही तिच्या हातात द्या. तिनं लिहिलेलं आधी पोडावर वाचून दाखवा, मग जिल्हा परिषदेच्या दारावर धडका मारा.

आपला धडा आपण मागतोच आहोत. तिचा धडा तिच्या भाषेत आला नाही, तर आपली लढाई अर्धीच.

जयभीम!