जर्मन भाषेत एम. ए. : उपयोग काय?

 

पदवी मिळालेली मुलगी घरी म्हणते, "मला जर्मनमध्ये एम. ए. करायचे आहे." घरातून लगेच प्रश्न येतो, "त्याचा उपयोग काय?" हा प्रश्न रास्त आहे. रिक्षा किंवा शिवणकामाच्या कमाईतून शिक्षणाचा खर्च काढणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. मात्र प्रश्न विचारून उठून जाऊ नये. उत्तरही ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि जर्मन शिकण्याची चर्चा आपल्या घरांपर्यंत आली. परंतु नर्स किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून तिकडे जाण्यापुरती भाषा शिकणे वेगळे आणि त्या भाषेत एम. ए. करणे वेगळे. या भाषेच्या शिक्षणाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. कामापुरती भाषा मधल्या पायऱ्यांवर भागते. एम. ए. करणाऱ्याला मात्र गटे, काफ्का, ब्रेख्त मुळातून वाचावे लागतात. ज्याला केवळ परदेशी जायचे आहे, त्याने ही दोन वर्षे खर्च करू नयेत.

मग ही वाट कोणाची? ज्याला वाचनाची आणि भाषेची खरी ओढ आहे, त्याची. ही वाट आपल्याला अनोळखीही नाही. गटेने हाफिजच्या काव्याने भारावून १८१९ साली आपला 'दिवाण' प्रसिद्ध केला. त्याला उत्तर म्हणून इक्बालांनी १९२३ साली 'पयाम-ए-मश्रिक' लिहिले. इक्बालांची डॉक्टरेट म्युनिकची. डॉ. झाकिर हुसेन यांनी बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, १९२६ साली परत येऊन जामिया मिलियाची धुरा घेतली आणि १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. आपल्या मराठीतही पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याजवळ एक भांडवल आधीच आहे. घरी दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरे आणि जोडीला इंग्रजी, अशी चार भाषांची ये-जा तुम्ही लहानपणापासून करता. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, विभक्ती आहेत आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजीपुरते पाहणाऱ्याला हे अवघड वाटते. मराठीत वाढलेल्याला तितके नवल वाटू नये. पण सावध राहा, लिंगे तीन असली तरी ती जुळत नाहीत. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी! पाठांतराला पर्याय नाही.

आता पोटाचा प्रश्न. एम. ए. झाले म्हणजे नोकरी ठेवलेलीच आहे, असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयात शिकवायचे तर पुढे नेटसारखी पात्रता मिळवावी लागते. शाळा, भाषावर्ग, अनुवाद, दुभाष्याचे काम आणि पुणे-चाकण भागातील जर्मन कंपन्या ही इतर क्षेत्रे आहेत. साधे पत्र आज यंत्रही भाषांतरित करते, म्हणून अर्धवट शिकलेल्याची किंमत घटली आहे. यंत्राची चूक ज्याला ओळखता येते, त्याचीच गरज राहणार.

पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग येथे हे शिक्षण मिळते. प्रवेशासाठी आधी जर्मनची ठरावीक तयारी लागते. नियम विद्यापीठाकडूनच विचारून घ्या, दलालाकडून नव्हे. बी. ए. च्या पहिल्या वर्षापासूनच भाषेच्या परीक्षा देत गेलात तर वर्ष वाया जाणार नाही, आणि आवड खरी की हौस, तेही थोड्या खर्चात कळेल.

पालकांनो, १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. बाहेरगावच्या मुलाला शिकण्यासाठी छप्पर मिळावे, हा त्यामागील हेतू. आज तुमची मुलगी पुण्याच्या वसतिगृहात राहून शिकू म्हणते, तेव्हा ती त्याच हेतूची पुढची पायरी मागते आहे. तिला तीन प्रश्न विचारा : आतापर्यंत कोणती पायरी पार केलीस? खर्च किती आणि शिष्यवृत्ती कोणती? दोन वर्षांनंतर काय करणार? तिन्ही उत्तरे तिच्याजवळ तयार असतील, तर "लोक काय म्हणतील" हा चौथा प्रश्न विचारू नका.