वहीतला ठराव आणि शेंगदाण्याची बुरशी

मी देवपूरहून बोलतेय.

शेंगा काढून झाल्या की आपल्याकडे एक काम हमखास बायकांच्या वाट्याला येतं, ते म्हणजे दाणे निवडणं. टपोरा दाणा विकायला जातो. फुटका, सुरकुतलेला, काळपट दाणा मागे उरतो. त्याचं आपण काय करतो? भाजून घरच्या चटणीत घालतो. पिकवलेलं टाकवत नाही. आज मला या मागे उरलेल्या दाण्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी थोडं बुरशीच्या पोटात शिरावं लागेल.

जनुक हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्या कापसात घातलेलं आहे, त्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन ते झाड स्वतःच तयार करतं. म्हणजे जनुक ही पेशीत लिहून ठेवलेली सूचना असते: अमुक पदार्थ असा तयार कर.

पण सूचना लिहिलेली असणं वेगळं आणि ती अमलात येणं वेगळं. आपल्या बचत गटाचंच बघा ना. ठरावांची वही जाडजूड असते, पण सगळे ठराव काही एकाच दिवशी अमलात येत नाहीत. वही पेटीत राहते. ज्या ठरावाची वेळ आली, तेवढाच चिठ्ठीवर उतरवून कामाला लागतो. पेशीतही असंच चालतं. लागेल त्या जनुकाची तेवढी नक्कल निघते आणि त्या नकलेवरून काम होतं. शास्त्रज्ञ याला जनुक व्यक्त होणं म्हणतात. अशा नकला किती निघाल्या, हे प्रयोगशाळेत मोजता येतं.

हे समजून घ्यायला पाव फुगवणारं यीस्ट फार उपयोगी पडलं. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशीच. १९९६ साली त्याची पूर्ण वही वाचून झाली, त्यात सुमारे ६,००० जनुकं निघाली. यीस्टला ग्लुकोज साखर मिळत असली, तर गॅलॅक्टोज नावाची दुसरी साखर पचवायची जनुकं ते बंद ठेवतं. ग्लुकोज संपलं आणि गॅलॅक्टोज मिळाली की ती जनुकं चालू होतात. टोपल्यात भाकरी असताना पुन्हा चूल कोण पेटवतं?

आता आपल्या शेंगेवर येऊ. शेंगदाण्यावर आणि मक्यावर एक हिरवट पिवळी, धाग्याधाग्यांनी वाढणारी बुरशी येते. तिचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या वहीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करायची पंचवीस-तीस जनुकं एकाशेजारी एक बसलेली असतात, आणि एक म्होरक्या जनुक त्यांना चालू करतं. ३० अंशांच्या आसपास उबारा आणि ओल मिळाली की हे विष भरपूर तयार होतं. ३७ अंशांना बुरशी जोमाने वाढते, पण विषाची जनुकं जवळजवळ गप्प राहतात. जपानमध्ये हिच्याच जवळच्या बहिणीपासून सोया सॉस करतात, आणि ती हे विष करत नाही.

याचा अर्थ काय? नुसती बुरशी बघून विष आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. दाणा वरून बरा दिसला तरी आत विष असू शकतं. ते धुऊन जात नाही, आणि भाजल्याने किंवा शिजवल्यानेही पुरतं मरत नाही.

हे किती भारी पडतं, ते १९७४ साली आपल्या शेजारीच दिसलं. गुजरातेतला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या भागांतल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला. बुरशी आलेला तो मका लोकांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. जवळपास ४०० माणसं आजारी पडली आणि १०६ दगावली. त्याच घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही मेली.

एरवी हे विष असं एकदम मारत नाही. थोडं थोडं पोटात जाऊन वर्षानुवर्षं यकृत पोखरतं. त्यातच कावीळ ‘बी’चा विषाणू अंगात असेल, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

पण या कावीळ ‘बी’ची लस आपल्याला यीस्टनेच दिली आहे. आधी ही लस रोग झालेल्या माणसांच्या रक्तापासून करत. मग शास्त्रज्ञांनी विषाणूच्या वरच्या आवरणाचं एक जनुक यीस्टच्या वहीत लिहिलं. यीस्ट ते प्रथिन करू लागलं आणि त्याचीच लस झाली. त्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून कावीळ होत नाही. भारतात अशी पहिली देशी लस १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही यीस्टपासून ही लस करते. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस द्यायचा असतो. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत ती असतेच. सुनेचं, लेकीचं बाळंतपण असेल तेव्हा हा पहिला डोस आठवणीने मागून घ्या.

लस विषाणूला अडवते. बुरशीला मात्र आपणच अडवायचं. वेल उपटल्यावर शेंगा वर आणि पाला खाली असे ठेवून वाळवा. शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे. फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाणी मारू नका, तीच ओल विषाला निमंत्रण देते. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, खाली फळ्या घाला. निवडताना बुरशी आलेला, सुरकुतलेला, काळपट, किडका दाणा बाजूला काढा, कारण सगळ्यात जास्त विष त्यातच असतं. तो चटणीत घालू नका आणि म्हशीलाही देऊ नका. बुरशीच्या ढेपेतलं विष एका दिवसात दुधात उतरतं, आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. असा दाणा पुरून टाका.

टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. पण चांगलं बाजाराला आणि खराब घरच्या बाईला, ही रीत किती दिवस चालवायची? पुढच्या बैठकीत वहीत एक ठराव लिहा: खराब दाणा घरात शिजणार नाही. लिहून झालं की वही पेटीत ठेवा, पण हा ठराव मात्र लगेच चिठ्ठीवर उतरवा.