कोऱ्या चित्राची गोष्ट

एनसीसीची परेड म्हटलं की डोळ्यांसमोर येते पहाटेची डोंबिवली लोकल आणि दाराशी अवघडून उभा खाकीतला मुलगा. बूट आरशासारखे. गर्दीत कुणी त्यावर पाय दिला, की चेहरा बघण्यासारखा!

या खाकीतून थेट लष्करात अधिकारी होण्याची एक वाट आहे. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर विशेष प्रवेश योजनेत अधिकारी भरतीची सीडीएस ही लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जांतून निवड झाली, तर सरळ एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत. ती चालते पाच दिवस. एका चाचणीत ६० शब्द दाखवतात. प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. दुसरीत चित्रांवरून गोष्टी लिहायच्या आणि शेवटचं चित्र चक्क कोरं! तिथे पाठांतर उघडं पडतं. तयारीसाठी नाशिकला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, विनाशुल्क. आपल्या मुलांना ते फारसं ठाऊक नसतं, हे मला खटकतं.

मुलाखतीतून निवड झालेल्यांसाठी पुढे चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ साली गुरेझमध्ये धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी कनिका २०२० मध्ये याच अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

आमच्या इमारतीतला एक कॅडेट पूर्वी लिफ्टशिवाय हलत नसे. परवा तो पाठीवर सॅक घेऊन पाचवा मजला चढताना दिसला. सॅकमध्ये विटा होत्या.