आधी पाळी विचारा

पहाटे साडेतीनला उठायच्या सवयीमुळे या दुपारच्या सत्रात डुलक्या आवरत बसलेल्या माझ्या प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,



स्वागताध्यक्षानं आपल्या मुलखाचा, म्हणजे इथे दादरा-नगर हवेलीचा, इतिहास सांगायचा असतो आणि पाहुण्यांनी तो सोसायचा असतो, अशी रीत आहे. मी थोडक्यात उरकतो. 1772 साली मराठ्यांनी ‘संताना’ नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं होतं. त्याच्या नुकसानभरपाईपोटी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांना तोडून दिला गेला. वसुली चालू राहिली ती 1954पर्यंत. त्या वर्षी 2 ऑगस्टला, ऐन पावसात, सिल्वासा मुक्त झालं. त्या मोहिमेत कोण होतं बघा. संगीतकार सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला. पगारी सैन्य नव्हतं. आपापला उद्योग सांभाळून, रजा काढून, घरच्यांना अर्धवट सांगून आलेली माणसं होती. हौशी माणसांच्या प्रशिक्षणावर बोलायला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. शेजारच्या दारूबंदीच्या गुजरातेतून आलेल्या पाहुण्यांना सिल्वासा आणखी एका कारणासाठी ठाऊक असतं, पण ते मी व्यासपीठावरून बोलणार नाही. एवढंच आठवण करून देतो की 1978 साली हवाईत पहिली आयर्नमॅन ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ, झाली, तेव्हा पंधरा जण सुरू झाले, बारा पोहोचले, आणि दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली होती. तो प्रयोग इथे करू नये.

आता या खुर्चीवर मी का बसलो आहे, ते सांगायला हवं. मी कुठला विजेता नाही. मी धुळ्याकडचा. करसवलतींमुळे इथे कारखाने उभे राहिले, तेव्हा कामासाठी आलो आणि पॉलिएस्टर सुताच्या एका कारखान्यात चिकटलो. तुम्ही घातलेल्या जर्सीचा धागा कदाचित इथल्याच एखाद्या यंत्रावर वळलेला असेल. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर दाखवली आणि मी धावायला लागलो. दोन वर्षांत पूर्ण मॅरेथॉनचं खूळ डोक्यात शिरलं. एका धावणाऱ्या मित्रानं सोळा आठवड्यांचा तक्ता दिला. मी तो देवासमोर ठेवावा तसा कपाटाच्या दारावर चिकटवला आणि एकही दिवस चुकवला नाही. अकराव्या आठवड्यात नडगीचं हाड तडकलं.

हाडांच्या डॉक्टरांनी तक्ता बघितला, म्हणाले, यात काही गैर नाही. मग विचारलं, तुम्ही काम काय करता? मी डॉफिंगच्या पाळीवर होतो. नवख्यांसाठी सांगतो, यंत्रावरच्या भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, ढकलगाडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, आठ तास. बरा होऊन कामावर रुजू झाल्यावर मी खिशात पावलं मोजायचं यंत्र टाकून पाहिलं. एका पाळीत अकरा किलोमीटर भरले. काँक्रीटच्या फरशीवर, सेफ्टी बूट घालून. म्हणजे माझ्या तक्त्यात ‘विश्रांती’ असं लिहिलेल्या वारी मी अर्ध्या मॅरेथॉनचं निम्मं अंतर चालत होतो, आणि हे तक्ता देणाऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, काम ते काम आणि सराव तो सराव. शरीराला अशी दोन खाती ठेवणं जमत नाही. त्याच्याकडे एकच खातं असतं. कारखाना, कर्जाचा हप्ता, पोरीचं दहावीचं वर्ष, मध्यरात्री वाजलेला फोन, सगळं त्यातूनच वजा होतं.

म्हणून या संमेलनात मला एकच गोष्ट मांडायची आहे. हौशी माणूस तुमच्याकडे आला, की त्याचा पाच किलोमीटरचा वेळ विचारण्याआधी त्याची पाळी विचारा.

हे काही माझं शोधून काढलेलं नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड जोड्यांच्या कारखान्यात काम करत आणि घरोघर दूधही टाकत. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल 800 मीटरला आणि मरे हॅलबर्ग 5000 मीटरला सुवर्ण घेऊन आले, तेही एकाच दुपारी. बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं कांस्य मिळवलं. जगानं त्या पदकांकडे पाहिलं. मला मात्र लिडियार्डचं त्यानंतरचं काम मोठं वाटतं. ऑकलंडमध्ये त्यांनी पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या, वयस्क माणसांना हळूहळू पळवायला सुरुवात केली. नियम साधा होता: पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. 1962च्या अखेरीस अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, त्यांच्याबरोबर धावले, आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा आपल्याला मागे टाकतात हे पाहून ओशाळले. परत जाऊन त्यांनी ‘जॉगिंग’ अमेरिकेत रुजवलं. म्हणजे आज मुंबईत जानेवारीतल्या रविवारी पेडर रोडचा चढ चढणाऱ्या लोंढ्याचं मूळ एका दूधवाल्या कामगारापाशी जातं.

पुढे नॉर्वेत राहून अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या रोइंगपटू, स्कीपटू, धावपटूंच्या नोंदी तपासल्या. त्यांचा साधारण 80 टक्के सराव सावकाश चालतो आणि उरलेला खरोखर कठीण असतो, असं आढळलं. आपली हौशी मंडळी याच्या बरोबर उलट वागतात. सावकाश दिवशी जरा जोरात आणि जोरात दिवशी जरा सावकाश. कारण सोपं आहे. स्ट्रावा ॲपवर शेजारी बघत असतो. सात मिनिटांचा पेस दिसला तर सोसायटीत काय तोंड दाखवायचं? प्रशिक्षकाची अर्धी फी ही शिष्याला थांबवण्याची आहे, असं मी तरी मानतो. पळायला लावायला घड्याळ पुरतं.

पाण्याविषयी मात्र मला सावकाश बोलायचं आहे, कारण इथे माणूस जातो. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळातले ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग अभ्यासकांनी गोळा केले. एकूण 135. त्यांतले दोन तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यातले होते. सायकलवर नव्हे, धावताना नव्हे, शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात. बळी पडलेल्यांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांचं प्रमाण फार मोठं होतं, आणि ज्यांचं शवविच्छेदन झालं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या हृदयात आधीपासून दोष सापडला. म्हणजे आपल्याकडे येणारा नेमका माणूस. पंचेचाळिशीचा, बरा पगार असलेला, क्लबच्या निळ्या टाक्यात तीस फेऱ्या मारून ‘पोहणं झालं’ म्हणणारा. त्याला इथल्या दूधनीच्या जलाशयात उतरवा. तळ दिसत नाही, काळी रेघ नाही, धरायला भिंत नाही, डाव्या बाजूनं कुणाचा तरी पाय तोंडावर येतो. श्वास चढतो, हात वेडेवाकडे पडतात. हा माणूस पोहायला विसरलेला नसतो. त्याला पाण्यात थांबायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. पाठीवर वळ, आकाश बघ, वीस श्वास घे, मग बघू. मी शिकवायला बसलो तर खुल्या पाण्यातला पहिला महिना यावरच घालवीन. आणि त्याआधी हृदयाची तपासणी, कितीही धडधाकट दिसत असला तरी. तपासणीचा कागद आणला नाही तर फी परत करा.

गंमत अशी, की आमच्याकडची वारली-कोकणा पोरं दमणगंगेत लहानपणापासून असतात. डोकं वर ठेवून, लांबट हात मारत, श्वास जराही न चढता ती पल्याड जातात. शैलीचे गुण मांडायचे तर नापास. पण घाबरत नाहीत. शहरातल्या प्रशिक्षकांनी संमेलन संपल्यावर अर्धा तास काठावर बसून त्यांच्याकडे बघावं, अशी माझी सूचना आहे.

धावण्याचंही तसंच. डोंगरापलीकडे हरसूलच्या अंगाला सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्याकडे घडली आणि 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य घेऊन आली. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. त्याच्याही आधी, 1920 साली, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. ती मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी माणसं पाहून दोराबजी टाटांनी जी चमू पाठवायची धडपड केली, त्यातले ते एक. आपल्या मुलखात दम कमी कधीच नव्हता.

हौशी लोकांनी काय करून दाखवलं हेही थोडं. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. दवाखाना सांभाळून, दोघांनी मिळून सायकलवर सुमारे 4,800 किलोमीटर. 2017ला नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तेच अंतर एकट्यानं कापलं. 2019ला नवी मुंबईचे कबीर राचुरे. कबीर यांच्या मागच्या गाडीत चमूप्रमुख म्हणून बहीण सपना होती, आणि मला त्या गाडीत बसलेल्या माणसाविषयी जास्त कुतूहल वाटतं. तीन रात्री न झोपलेल्या भावाला आता खाऊ घालायचं, झोपवायचं की दामटायचं, हे ठरवणं हीच खरी प्रशिक्षकी. पुण्याचे ट्रायथलॉनपटू कौस्तुभ राडकर, कोल्हापुरात राजाराम तलावापाशी होणारी शर्यत, 2019ला गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरलेली देशातली पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन, यांविषयी माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे समोर बसले आहेत. मी गप्प बसतो.

खाण्यापिण्याच्या सत्रात भांडणं होणार, हे मला दिसतंय. माझी एक विनंती. ‘पाणी पी, पाणी पी’ हा घोष जरा कमी करा. 2002च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलं होतं, आणि त्याचा संबंध अति पाणी पिण्याशी निघाला. त्यांतल्या अनेकांचं वजन शर्यतीच्या अखेरीस वाढलेलं होतं. आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही, मीठ मात्र जातं. तहानेनुसार प्या, मीठ विसरू नका, आणि मे महिन्यात उत्तर युरोपातल्या तक्त्यातला पेस इथल्या माणसाकडून मागू नका. जेवणात आज नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि भात आहे. ज्यांना पाकिटातलं जेल हवं, त्यांनी आपापलं आणलेलं असेलच.

बायकांच्या सरावावर उद्या वेगळं सत्र आहे, तरी एक बोलतो. पहाटे साडेचारला एकट्या बाईला अंधाऱ्या रस्त्यावर दहा किलोमीटर पाठवणारा तक्ता कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असो, तो फाडून टाका. तिची पाळी म्हणजे दोन्ही अर्थांनी पाळी, दोन्ही विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर तिला शिकवायला घेऊ नका.

व्यवस्थेबद्दल. उणिवा भरपूर आहेत. खोल्या कमी पडल्या म्हणून काही जणांची सोय वर्गखोल्यांत केली आहे, आणि बाकं लहान मुलांची आहेत. सायकली ठेवायला शेड आहे, पण कुलूप तुमचं. तारपा वाजवायला संध्याकाळी गावातली मंडळी येणार आहेत. त्यांच्या नाचाच्या गोलात शिरलात तर अर्ध्या तासानं तुमच्या हृदयाचे ठोके कितीवर जातात, ते अवश्य मोजा. ग्रामपंचायत, शाळा, स्वयंपाक करणाऱ्या बाया, पाण्याचे टँकर आणणारे तरुण, या सगळ्यांचे आभार मी आत्ताच मानतो, कारण शेवटच्या दिवशी अर्धं संमेलन गाडी पकडायला गेलेलं असतं.

उद्या सकाळी सहाला खानवेलच्या दिशेनं सामुदायिक सायकल फेरी निघेल. रस्ता झाडीचा आहे, सुंदर आहे, ट्रकही आहेत. दोन-दोनच्या रांगेत चालवा, हेल्मेटशिवाय कुणालाही सोडणार नाही. आणि सातला पाळी बदलते. रात्रभर यंत्रावर उभी राहिलेली माणसं त्या वेळी घंटी नसलेल्या, ब्रेक अर्धवट लागणाऱ्या सायकलींवरून, हँडलला डबा अडकवून घरी निघालेली असतात. ती तुम्हाला समोरून भेटतील. त्यांच्यासाठी बाजूला व्हा.