दाराच्या कडीला लावलेला निरोप

आज बचत, कर्जफेड यातलं काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पण हिशेब थोडा येणारच, सवय आहे.

आमच्या गटातली एक सून पुढच्या महिन्यात नवऱ्याकडे मस्कतला चालली आहे. परवा बैठक झाल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, तिथे मैत्रिणी मिळतात का हो?" मी म्हटलं, मिळतात, चांगल्या मिळतात. ती खूश होऊन गेली. मग मला वाटलं, आपण तिला अर्धंच सांगितलं.

लग्नानंतर चार वर्षं मी मस्कतला होते, रुवी भागात. तिथे आपलं राहणं नोकरीच्या व्हिसावर. नोकरी आहे तोवर घर; नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि थोड्या दिवसांत देश सोडायचा. त्यामुळे आमच्या इमारतीत सतत कोणी ना कोणी निघालेलंच असायचं. जाणारीच्या घरी सगळ्या जमायच्या. बॅग काट्याला लावायची, वजन जास्त भरलं की उघडायची, परत भरायची. कुंडीतला कढीपत्ता एकीकडे, कुकर दुसरीकडे, उरलेला मसाला तिसरीकडे. रडायला वेळच नसायचा.

माझ्या समोरच्या दारात केरळची एक मुलगी राहायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला चेची म्हणायची, म्हणजे ताई. तिला मराठी नाही, मला मल्याळम नाही, दोघींची हिंदी मोडकी. पण एकदा तिने इडियप्पम आणून दिले, सोबत नारळाचं गोड दूध. मी ताट बघितलं आणि म्हटलं, अगं, हे तर आमचे शिरवाळे! आपल्याकडे पिठाचे गोळे आधी उकडतात, मग साच्यातून दाबतात. त्यांच्याकडे आधी दाबतात, मग वाफवतात. यावर आमचं भांडण दोन वर्षं चाललं.

आणखी एक गोष्ट सारखी निघाली. आपण घराबाहेर पडताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. त्यांच्यातही तसंच, "पोयिट्टु वराम्", जाऊन येते. मग आम्ही दोघी बाजारात जातानासुद्धा एकमेकींच्या भाषेत तेच म्हणायचो.

आता हिशेब. आम्ही दहा जणींनी भिशी लावली होती, महिन्याला २० रियाल. एक रियाल म्हणजे तेव्हाचे जवळपास २०० रुपये. वही माझ्याकडे. ऑक्टोबर २०१९ ला सुरू झाली. माझा नंबर तिसऱ्याच महिन्यात लागला. तिचा होता आठवा. मार्च २०२० चे पैसे जमले आणि कोरोना आला. नंतर पगार थांबले, भिशी मोडली. तिचे १२० रियाल भरून झाले होते आणि हातात काहीच नव्हतं. मी उचल घेऊन मोकळी, ती खर्चही करून टाकली होती.

मे महिन्यात सरकारने वंदे भारतची विमानं सोडली. मस्कतहून पहिलं विमान ९ मे रोजी कोचीला गेलं. गरोदर बायकांना आधी जागा देत होते. तिला सहावा महिना होता. पुढच्या एका विमानात तिचा नंबर लागला, आदल्या दिवशी फोन आला आणि दुसऱ्या दिवशी निघायचं.

सकाळी तिने माझी बेल वाजवली. मैत्रिणींनो, मी दार उघडलं नाही. मी आतच उभी होते, दाराला टेकून. मला वाटलं, ही पैसे मागणार, आणि माझ्याकडे पाच रियालही नव्हते. तिने दोनदा वाजवली. "चेची, पोयिट्टु वराम्," म्हणाली. आपल्याकडे कोणी "येते" म्हटलं की "ये" म्हणतात. तेवढा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. जिन्यात बॅगेचा आवाज लांब जाईपर्यंत मी हलले नाही.

नंतर दार उघडलं तर कडीला पिशवी अडकवलेली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिचा पितळी साचा. ती तो द्यायला आली होती.

तिचे मेसेज येत राहिले, चेची बरी आहे का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार?

त्याच वर्षी नवऱ्याची नोकरी गेली, आम्ही गावी आलो. मी गटात बसायला लागले. पहिलं कर्ज मागितलं तेव्हा कारण विचारलं. मी म्हटलं, जुनं देणं. कसलं, तेही सांगितलं. सगळ्या गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, "दे गो तिला, कारण खरां सांगल्यान." भिशीतल्या बाकीच्यांच्या मागे लागून काही पैसे मिळाले, दोघींनी फोनच उचलला नाही, तो भाग मी भरला. कोणी म्हणेल, तू का भरलास? वही माझ्याकडे होती, म्हणून.

पुरे तेवीस हजारांच्या वर तिच्या खात्यावर गेले, तेव्हा मी फोन केला. मागे तिचं पोर रडत होतं. ती म्हणाली, "चेची, पैशाचं मला ठाऊक होतं, ते येतील तेव्हा येतील. पण तू दार उघडलं नाहीस, म्हणून मी कोरोना समजून महिनाभर तुझ्यासाठी रडले." मला बोलता येईना. तिनेच विषय बदलला. विचारलं, साचा वापरतेस का? मी हो म्हटलं. खोटं बोलले. तोवर तो वर्तमानपत्रातून सोडवलाही नव्हता.

त्या रात्री सोडवला. तिच्या पद्धतीने केले, आधी दाबून मग वाफवून. सासूबाईंनी खाल्ले आणि म्हणाल्या, चांगले आहेत, पण हे शिरवाळे नव्हेत.

आता ही सून तो साचा मस्कतला न्यायला मागते आहे. त्याचं वजन दीड किलो, आणि तिच्या बॅगेत लोणचं, पापड, कोकम आधीच भरून झालंय. रविवारी तिच्याकडे काटा घेऊन जायचं आहे.