फुकट म्हणजे बेवारस नव्हे

(अकोल्यातील तरुणांसमोर केलेले भाषण)



अकोल्याचा अडत्या असो की अमरावतीचा कापड दुकानदार, बिलाचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर त्याला लागतंच. ते तुमच्यापैकी अनेक जण बनवू शकतात. पण आत डेटाबेस लागतो. तो नेटवरून मोफत उतरवायचा, आपल्या प्रोग्रामसोबत पेन ड्राइव्हवर टाकायचा आणि विकायचा. हे चालतं का? उत्तर त्या डेटाबेसच्या परवान्यात असतं, आणि परवाना वाचतो कोण?

मायएसक्यूएल घ्या. २०१० पासून ते ओरॅकल कंपनीकडे आहे आणि दोन परवान्यांखाली मिळतं: एक जीपीएल, दुसरा पैसे मोजून घ्यायचा व्यापारी परवाना. जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. तिची अट एवढीच, की प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्याचा सोर्स कोड आणि तो बदलण्या-वाटण्याचा हक्कही द्यावा.

डेटाबेस शेजारी स्वतंत्र चालत असेल, तर ही अट डेटाबेसपुरती. पण त्याची जीपीएलखालची लायब्ररी तुमच्या प्रोग्रामात जोडून विकली, तर तुमचाही कोड खुला करावा लागू शकतो. सगळं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून ग्राहकाला फक्त वापरू दिलं, तर जीपीएलच्या लेखी ते वाटप नव्हे.

कोड बंदच ठेवायचा आहे? मग व्यापारी परवाना घ्या, किंवा पोस्टग्रेस वापरा. त्याचा परवाना मूळ कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायला सांगतो, तुमचा कोड मागत नाही. छोट्या कामाला एसक्यूलाइट आहे. त्यावर कुणाचाच मालकी हक्क नाही.

कोड खुला ठेवून पोट भरतं का? मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट पाहा. ते जीपीएलखाली आहे, मारियाडीबीवर चालतं, आणि कंपनी होस्टिंग व सेवेचे पैसे घेते. यात दुकानदाराचंही भलं आहे. प्रोग्राम बनवणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तरी कोड दुकानातच राहतो. दुसरा कुणी तो सांभाळू शकतो.

मदिनेतली रूमा विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. अशा विहिरीचं पाणी प्या, त्यावर शेतही पिकवा. पण तिला कुंपण घालून आपलं नाव लावता येत नाही. जीपीएलचं तत्त्व याच्या जवळचं आहे. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमाने होते. परवाना हाही करारच. देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्रामला संरक्षण आहे.

म्हणून पहिलं बिल फाडण्याआधी एक काम करा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचं काय काय आहे, त्याची यादी करा. प्रत्येकापुढे त्याचा परवाना लिहा आणि ती यादी ग्राहकाच्या हाती द्या. गिऱ्हाईक त्यातला एक शब्दही वाचणार नाही कदाचित. तरी द्या. बाजारात आपलं नाव अशाच कामांनी टिकतं.