मॅकग्रेगर : एका निषिद्ध नावाचा इतिहास

आडनाव ही माणसाला अनायासे लाभणारी वस्तू होय. ते जन्माबरोबर येते, शाळेच्या पटावर चढते, आणि त्याच्याविषयी स्वतंत्रपणे विचार करण्याचा प्रसंग बहुधा आयुष्यात येतच नाही. परंतु स्कॉटलंडच्या इतिहासात असे एक आडनाव आहे की, ते धारण करणे हाच देहान्त शिक्षेस पात्र असा अपराध ठरविण्यात आला होता. ते आडनाव म्हणजे मॅकग्रेगर.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाची जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. मुलीच्या नावात ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येते. मराठी माणूस आपले नाव व आडनाव यांच्यामध्ये पित्याचे नाव घालतो आणि पिढीगणिक ते बदलत जाते. हायलँडमध्ये मात्र एखाद्या पूर्वजाचे नाव स्थिर होऊन साऱ्या कुळाचेच नाव बनले. ग्रेगर हे नाव ग्रीक भाषेतून ख्रिस्ती संतांच्या नामावळीत आले व तेथून स्कॉटलंडमध्ये पोहोचले. त्याचा अर्थ जागा असलेला, सावध. तेव्हा मॅकग्रेगर म्हणजे जागृताचा पुत्र.

हा ग्रेगर कोण, याविषयी कुळाची परंपरा एक सांगते आणि इतिहास दुसरे सांगतो. नवव्या शतकातील केनेथ मॅकअल्पिन या राजाच्या भावापासून आपला वंश सुरू झाला, अशी कुळाची श्रद्धा आहे. आपले कुळ राजवंशी आहे, असे त्यांचे बोधवाक्यही सांगते. इतिहासकार मात्र चौदाव्या शतकातील एका ग्रेगरला मूळ पुरुष मानतात. ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन ही डोंगरदऱ्यांची खोरी या कुळाची वसतिस्थाने होती. त्यांचे दुर्दैव असे की, त्यांच्यापाशी वहिवाट होती, पण सनद नव्हती. राजदरबारी वजन असलेल्या कॅम्बेल घराण्याने हळूहळू या जमिनींचे कायदेशीर हक्क संपादन केले. पिढ्यानपिढ्या कसलेल्या भूमीवर मॅकग्रेगर कुळे ठरले आणि पुढे कुळे म्हणूनही नकोसे झाले. भूमी गेलेल्या माणसांनी गुरे पळविण्याचा व लुटालुटीचा मार्ग धरला, आणि सत्तेच्या दृष्टीने ते केवळ दरोडेखोर उरले.

या वैराचा स्फोट ७ फेब्रुवारी १६०३ रोजी झाला. लॉख लोमंड या सरोवराजवळील ग्लेन फ्रुइन येथे मॅकग्रेगरांनी कोल्हून घराण्याच्या सैन्याचा मोठा संहार केला. पुढच्याच महिन्यात राणी एलिझाबेथ मरण पावली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या सिंहासनाचा धनी झाला. ५ एप्रिलला तो लंडनकडे निघाला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, त्याच्या मंत्रिपरिषदेने आज्ञा काढली : ग्रेगर व मॅकग्रेगर ही नावे यापुढे नष्ट समजावीत, ती धारण करणाऱ्याने दुसरे नाव घ्यावे, न घेतल्यास मृत्युदंड.

कुळाचा नायक अलास्टर मॅकग्रेगर याने आर्गाइलच्या अर्लच्या वचनावर विसंबून शरणागती पत्करली. त्याला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोहोचवू, असे ते वचन होते. ते अक्षरशः पाळण्यात आले! त्याला सरहद्दीपलीकडे नेले, तेथून लगेच परत एडिंबरोला आणले आणि जानेवारी १६०४ मध्ये साथीदारांसह फासावर चढविले.

त्यानंतरचे निर्बंध वाचले म्हणजे नावाची सत्तेला केवढी धास्ती वाटत होती ते कळते. मांस कापण्यापुरत्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज त्यांनी शस्त्र बाळगू नये. चारांहून अधिक जणांनी एकत्र जमू नये. जो आपल्याच कुळातील दुसऱ्याचे शिर आणून देईल त्याला माफी मिळे. १६३३ च्या कायद्याने धर्मोपदेशकांना मुलाचे नाव ग्रेगर ठेवण्यास, आणि लेखनिकांना त्या नावाने दस्तऐवज करण्यास मनाई केली. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी नाव नाही, आणि जमिनीच्या कागदावरही नाव नाही. दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये ही बंदी उठविली. पण १६९३ मध्ये ती पुन्हा लादली गेली आणि १७७४ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.

मग ही माणसे गेली कोठे? ती दुसऱ्यांच्या नावांच्या आश्रयाला गेली. कोणी मरे झाला, कोणी ड्रमंड, कोणी ग्रँट, तर कोणी चक्क कॅम्बेल. १६७१ मध्ये जन्मलेला, लोककथांतून अजरामर झालेला रॉब रॉय मॅकग्रेगर हाच याचा प्रसिद्ध दाखला. रॉय म्हणजे तांबडा. केसांच्या रंगावरून पडलेले ते नाव. १६९३ नंतर त्याने आईच्या माहेरचे कॅम्बेल हे नाव घेतले. ज्यांच्यामुळे कुळाची भूमी गेली त्यांच्याच नावाने त्याला सही करावी लागे.

ग्रेगरी हे त्याच मूळ नावाचे दुसरे रूप. अ‍ॅबर्डीनजवळ १६३८ मध्ये जन्मलेला गणितज्ञ जेम्स ग्रेगरी याच्या घराण्याचे मूळ मॅकग्रेगर कुळात होते असे मानले जाते. परावर्ती दुर्बिणीची कल्पना मांडणाऱ्या या विद्वानाने १६७१ मध्ये जी अनंत श्रेढी शोधली, ती त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी केरळातील माधव या गणितज्ञास अवगत होती. म्हणून आज ती दोघांच्या नावांनी ओळखली जाते. नॉर्वेचा विख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे पणजोबाही स्कॉटलंडहून गेलेले. त्यांचे ग्रेग हे नाव ग्रेगरचेच संक्षिप्त रूप होय.

बंदी उठल्यावर विखुरलेल्या कुळाने नायक शोधला. ८२६ जणांनी सह्या करून ज्याला मान्यता दिली तो जॉन मरे बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत अधिकारी होता. त्याचा पुत्र इव्हान याची गाठ महाराष्ट्राच्या इतिहासाशी पडते. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला; पण तापीकाठच्या थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडीना. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी किल्ल्याच्या दरवाजात झालेल्या चकमकीत लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे गंभीर जखमी झाला. किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिले आणि शिबंदीची कत्तल केली. ज्या कुळाने सत्तेचा दंड पावणेदोनशे वर्षे सोसला, त्याचाच वारस येथे त्या दंडाच्या बाजूने उभा होता.

चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्कॉटलंडच्या राजचिन्हांच्या रक्षणाचा मान त्या वेळी मॅकग्रेगरांना मिळाला. नाव पुसणाऱ्या जेम्सच्याच वंशातील हा राजा! त्याच वर्षी राजपरवान्याने नायकाच्या घराण्याने आपले जुने नाव परत घेतले. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘रॉब रॉय’ या कादंबरीने तोवर ते नाव युरोपभर नेले होते. पुढे स्थलांतर करणाऱ्यांबरोबर ते कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे पोहोचले. १९०२ च्या ‘पीटर रॅबिट’च्या गोष्टीतील सशाला पळता भुई थोडी करणारा बागवानही मॅकग्रेगरच.

आज स्कॉटलंडच्या कोणत्याही नगरात हे नाव पाट्यांवर सहज आढळते. दारावर ते लिहिताना कोणाचा हात थांबत नाही. बाल्क्विडरच्या दफनभूमीत रॉब रॉयची कबर आहे. १७३४ मध्ये तो मरण पावला तेव्हा कायद्याने त्याचे नाव निषिद्धच होते. आता त्या कबरीवर मॅकग्रेगर हीच अक्षरे कोरलेली आहेत.